संत अंतोनीचा रिकामा हात

१

भुसावळच्या उन्हाबद्दल बाहेरगावच्या माणसाला सांगू नये, त्याला बढाई वाटते. एप्रिल अर्धा सरला की दुपारी बारा ते चार रेल्वे कॉलनीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि नेमक्या त्याच वेळात सुनंदाबाई चर्च झाडायला जायच्या. सकाळी मिस्सेची प्रार्थना असते, संध्याकाळी माणसं येऊन बसतात. झाडूला मोकळी जागा दुपारीच मिळते, असं त्यांचं म्हणणं. साठीला आल्या तरी अठ्ठावीस वर्षांत हा नेम त्यांनी मोडला नव्हता.

चर्च लहानसंच. बारा बाकं, एक वेदी, आणि डाव्या कोनाड्यात संत अंतोनीची कमरेएवढी लाकडी मूर्ती. कॉलनीत गोव्याकडचे गार्ड आणि ड्रायव्हर राहायचे, त्या काळात कुणीतरी ती आणलेली. तपकिरी झगा, कमरेला दोरी, पाय उघडे. डाव्या हातावर उघडं पुस्तक आणि पुस्तकावर बसलेलं वीतभर बाळ येशू. बाळ खुंटीवर बसवलेलं होतं, वर उचललं की सुटून हातात यायचं. सुनंदाबाई मंगळवारी त्याला उतरवून पुसायच्या आणि परत बसवायच्या. मंगळवार हा अंतोनीचा वार.

रविवारी त्या मुलांना संतांच्या गोष्टी सांगत. अंतोनीनं माशांना उपदेश केला, तो ऐकायला माशांनी पाण्याबाहेर डोकी काढली, ही गोष्ट मुलांना आवडायची. सुनंदाबाईंना दुसरी आवडायची. अंतोनीच्या मठातल्या एका नवशिक्या चेल्यानं त्याचं स्तोत्रांचं पुस्तक चोरलं आणि पळ काढला. अंतोनीनं नुसती प्रार्थना केली. वाटेत नदीवर त्या चेल्याला असं काही आडवं आलं की तो उलट्या पावली धावत आला आणि पुस्तक पायाशी ठेवून थरथरत बसला. तेव्हापासून हरवलेलं सापडायला लोक अंतोनीला साकडं घालतात.

"त्याला काय आडवं आलं?" मुलं दरवर्षी विचारायची.

"ते गोष्टीत नाही," असं सुनंदाबाई दरवर्षी सांगायच्या.

२

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा चंदन घरातून गेला. अठ्ठावीस वर्षांचा, एकुलता एक. नवरा जोसेफ लोको शेडमध्ये फिटर होता, तो वारून नऊ वर्षं झालेली. घरात मायलेकच, आणि त्या दिवशी दोघांत वाजलं. चंदननं एका मुलीचं नाव काढलं. सुनंदाबाईंनी तिची जात, तिचं घर, तिचं चालणंबोलणं, सगळं धुवून वाळत घातलं. शेवटी, "ती या उंबऱ्यात आली तर मी तुला मेले," असं म्हणाल्या. संध्याकाळी चंदनची बॅग नव्हती आणि फोन बंद होता.

सुनंदाबाईंनी कॉलनीत सांगितलं, चंदन हरवला. चौकीतही तसंच लिहून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगं हरवलं म्हटलं की लोक दारात येऊन बसतात, चहा करून देतात. पोरगं सोडून गेलं म्हटलं की का गेलं ते विचारतात. चार महिने हेच बोलत राहिल्यावर त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्यांच्या सासूनं, मार्थाबाईनं, फार पूर्वी एक चाल सांगितली होती. गोव्याकडच्या बायका करायच्या. अंतोनी ऐकत नसेल तर त्याच्या हातातलं बाळ काढून घ्यायचं आणि घरात लपवून ठेवायचं. हरवलेलं मिळालं की बाळ परत द्यायचं. नऊ मंगळवारांची मुदत. "संताला अडवायचं," मार्थाबाई म्हणायची, "पण फार दिवस अडवायचं नाही. बाप असो की संत, पोर काढून घेतलं की कुणी शहाणा राहत नाही."

अंतोनीचा सण तेरा जूनला. त्याच्या आधीचे नऊ मंगळवार मोजून एप्रिलच्या मध्यावर सुनंदाबाईंनी बाळ उचललं, पदरात गुंडाळलं आणि घरी आणून गव्हाच्या कोठीत खोल दडवलं. "माझा चंदन हरवलाय. तो आणून दे, मग हे ने," असं त्यांनी मूर्तीला मोठ्यानं सांगितलं. वसईहून नुकतेच बदलून आलेले फादर सायमन यांना सांगितलं की बाळाची खुंटी मोडली, म्हणून सावद्याच्या अभिमन मूर्तिकाराकडे दिलंय, तो गणपतीही छान करतो. फादर म्हणाले, सणाच्या आत आणा म्हणजे झालं.

३

दुसऱ्या मंगळवारी त्या झाडू घेऊन कोनाड्याशी गेल्या तेव्हा अंतोनीच्या रिकाम्या हातावर, पुस्तकाच्या मधोमध, वेदीमागच्या खोलीची किल्ली होती.

मार्चपासून ती सापडत नव्हती. नवी करून घेतली होती. सुनंदाबाईंना हसूच आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, आपणच ठेवली असेल पुसताना. पण गेल्या मंगळवारी तर हा हात रिकामा बघितला होता. मग फादरांना सापडली असेल. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, अशी किल्ली मी पाहिलेलीही नाही.

तिसऱ्या मंगळवारी चष्म्याची डबी. फेब्रुवारीत यावलच्या बसमध्ये राहिली होती. आत त्यांचाच पिवळा पुसायचा फडका होता.

सुनंदाबाई बाकावर बसल्या. घाबरल्या नाहीत, खरं सांगायचं तर त्यांना फार आनंद झाला. सरळ हिशेब होता. आधी मार्च, मग फेब्रुवारी. संत मागं मागं चाललाय. जानेवारीत काही हरवलेलं आठवत नव्हतं. म्हणजे आता डिसेंबर. पुढच्या मंगळवारी चंदन.

त्या आनंदात त्यांनी मूर्तीचे पाय पुसले तेव्हा फडक्याला धूळ लागली, तिच्याकडे लक्ष गेलं नाही. कोनाडा जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर आहे. धूळ मूर्तीच्या खांद्यावर बसते, तळव्याखाली नाही.

४

चौथ्या मंगळवारी त्यांनी भरीत केलं, पुऱ्या लाटायला घेतल्या आणि मग चर्चला गेल्या. पुस्तकावर मनगटी घड्याळ होतं.

जोसेफचं घड्याळ. दोन हजार अकरा साली यार्डात रुळावरून चालताना पट्टा तुटून पडलं होतं. दोन दिवस तो खडीत शोधत होता. काचेला तडा, पट्टा तुटलेला, आणि काटा चालू. सुनंदाबाईंनी ते कानाशी धरलं आणि लगेच खाली ठेवलं.

अंतोनीच्या पायाला काळं तेल लागलेलं होतं, इंजिनाखालच्या खडीला असतं तसं. त्यांनी ते रॉकेलनं पुसलं. पुसताना त्या स्वतःला सांगत होत्या की कुणी पोरं खोड्या करत असतील. पण घड्याळ पडलं तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती. मग रंगच पाझरत असेल उन्हानं. लाकूड जुनं आहे. शेहेचाळीस अंशांवर डांबर वितळतं, तर रंगाचं काय.

त्यांना खरी बोच वेगळीच होती. फेब्रुवारीवरून एकदम दोन हजार अकरा. मधला डिसेंबर त्यानं ओलांडला होता.

शेजारची मंदाबाई धुळ्याकडची. तिला सापडलेल्या वस्तू दाखवल्या, बाळाचं सांगितलं नाही. मंदाबाई घड्याळाला हात न लावता बघत राहिली.

"बठ्ठं सापडी ऱ्हायनं तुले, अक्का," ती म्हणाली. "मंग पोऱ्याच कसा सापडत नही?"

सुनंदाबाईंनी त्या रात्रीच्या पुऱ्या तिलाच देऊन टाकल्या.

५

पाचव्या मंगळवारी छत्री. सहाव्या मंगळवारी चांदीची साखळी, चंदन दोन वर्षांचा असताना त्याच्या कमरेला होती ती. चोपड्याच्या बाजारात गर्दीत गळाली होती. हातात घेतली तर मूठभर. त्या साखळीला लागलेलं काजळ बोटाला लागलं. सुनंदाबाईंनी ती गालाला लावली आणि त्या रडल्या, आणि रडता रडता अंतोनीला रागानं म्हणाल्या, "साखळी नको मला. साखळीतला पोर दे."

चर्चमध्ये कबुतरं असतात. दुपारभर त्यांचं घुमणं चालू असतं. त्यांनी वर बघितलं तर कबुतरं होती, सगळी उजव्या बाजूच्या तुळईवर दाटीनं बसलेली. डाव्या बाजूला एकही नव्हतं. आणि एकही घुमत नव्हतं.

त्या दिवसापासून त्या दुपारी दार सताड उघडं ठेवून झाडू लागल्या. ऊन आत आलं तरी चालेल.

सातव्या मंगळवारी त्यांची लग्नातली अंगठी मिळाली. एक्याण्णव साली पाणी शेंदताना कॉलनीच्या विहिरीत पडली होती. ती विहीर केव्हाच बुजवली, वर चार दुकानं उभी राहिली. मे महिना, गावात नळाला पाच दिवसांनी पाणी. आणि अंगठी ओली होती. तिच्यात शेवाळाचा हिरवा धागा अडकलेला होता, आणि पुस्तकाचं लाकूड तेवढ्या जागी फुगलं होतं. अंतोनीच्या झग्याची किनार गुडघ्यापर्यंत भिजली होती. फरशीवर मात्र थेंब नव्हता.

सुनंदाबाईंनी त्या दिवशी पाय पुसले नाहीत. मूर्तीच्या तोंडाकडे न बघता त्या घरी आल्या.

६

घरी त्यांनी जुन्या वहीचा कागद फाडला आणि वरून खाली लिहिलं. किल्ली. डबी. घड्याळ. छत्री. साखळी. अंगठी. अंगठीखाली पेन थांबलं. अंगठीच्या आधी काय हरवलं होतं, ते लिहावं लागत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली, चंदनच्या सात वर्षं आधी, त्यांना पहिली मुलगी झाली होती. झाली म्हणायचं, रडली नाही. सुनंदाबाईंना दाखवली नाही. मार्थाबाई म्हणाली, बघितलंस तर दुसरं होणार नाही. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दफनभूमीच्या आत जागा नव्हती. आईनं बाळंतपणासाठी चोपड्याहून पिवळा टॉवेल आणला होता, हिरव्या काठाचा. जोसेफनं त्यात गुंडाळून तिला नेलं आणि दफनभूमीच्या भिंतीबाहेर कडुलिंबाखाली ठेवून आला. तिथं लिंबाची अकरा झाडं आहेत. कुठल्या लिंबाखाली, ते सुनंदाबाईंनी कितीदा विचारलं. जोसेफ म्हणायचा, कशाला उकरतेस. आणि न सांगताच तो गेला.

जोसेफ मेला, पण त्याची कबर आहे, तिच्यावर नाव आहे. आई मेली, बाप मेला, त्यांच्याही जागा ठाऊक आहेत. त्या कुणाला हरवलेलं म्हणत नाहीत. ठावठिकाणा नसलेलं असं त्यांचं एकच माणूस होतं.

म्हणजे दोन, त्यांनी घाईनं स्वतःला सांगितलं. चंदन धरून दोन.

बाळ आजच्या आज परत द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. कोठीत हात घालून कोपरापर्यंत गहू उपसले. बाळ होतं तिथंच होतं. पण परत दिलं तर मुदत मोडली. मग चंदन सापडायचा राहिला, आणि तोही आपल्या हातानं. अजून दोन मंगळवार आहेत, त्या म्हणाल्या.

आणि दुसरंही एक होतं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसतं. तिचं तोंड कसं होतं, हे त्यांना छत्तीस वर्षं बघायचं होतं.

७

आठव्या मंगळवारी पुस्तकावर काहीच नव्हतं.

सुनंदाबाई इतका वेळ श्वास धरून उभ्या होत्या की सोडताना छातीत दुखलं. संपलं, त्यांना वाटलं. मग नजर खाली गेली. अंतोनीच्या पायाच्या बोटांत काळी माती होती, नखांत गेलेली, आणि तिला लिंबाची वाळकी पिवळी पानं चिकटली होती. हाताच्या बोटांतही माती होती. अकरा झाडं होती. एका आठवड्यात त्याची सगळी झाली नसावीत.

त्या बाहेर आल्या तेव्हा पायरीवर शेहजाद उभा होता. शेहजाद हा चंदनचा शाळेपासूनचा दोस्त, स्टेशन रोडला दुचाकी दुरुस्त करतो. टोपी हातात घेऊन तो मान खाली घालून उभा होता.

"मावशी, मला माफ करा. चंदन हरवलेला नाहीये," तो म्हणाला. "तो सुरतला आहे. गेला त्या दिवसापासून मला माहीत आहे. त्यानं शपथ घातली होती."

बाकीचं त्यानं अडखळत सांगितलं. चंदननं तिथं त्या मुलीशी लग्न केलं, कापडाच्या कारखान्यात कामाला आहे, सुखी आहे. आईची चौकशी दर आठवड्याला करतो. आता तिला दिवस गेलेत आणि चंदनला आईशी बोलावंसं वाटतंय, पण भीती वाटते. पुढच्या मंगळवारी दुपारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, तो फोन करेल. मावशींनी फक्त उचलावा. नाही उचलला तर तो परत करणार नाही, असं म्हणतोय.

"उचलीन," सुनंदाबाई म्हणाल्या.

पायरी तापलेली असूनही त्या तिच्यावरच बसून राहिल्या. संतानं डिसेंबर चुकून ओलांडला नव्हता. तो हरवलेलंच शोधतो. जो हरवला नव्हता त्याच्या नावानं त्यांनी त्याला अडवून ठेवलं होतं, आणि तो बिचारा आपलं पोर सोडवायला त्यांचं एकेक हरवलेलं खणून आणत होता. खोटं बोलून त्याला कामाला लावलं ते आपणच. ही लाज त्यांना भीतीइतकीच जड वाटली.

लगेच उठून बाळ देऊन यायचं होतं. पण आत जायला पाय उचलेना. अंतोनीच्या बोटांतली ती माती त्यांना दिसत होती. उद्या देऊ, म्हणाल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. सकाळी मिस्सेला सगळे असत, पण सगळ्यांदेखत बाळ कोठून आलं म्हणून सांगणार? रविवारी फादरांनी विचारलं, अभिमननं दिलं का? मंगळवारी नक्की, सुनंदाबाई म्हणाल्या.

८

मंगळवारी बारा वाजता त्यांनी बाळ गव्हातून काढलं, पुसलं, पिशवीत घातलं. फोन चार्ज करून ठेवला होता तोही घेतला. बेत सोपा होता. बाळ खुंटीवर बसवायचं, क्षमा मागायची आणि बाहेर सावलीत बसून मुलाच्या फोनची वाट बघायची. मुलाला काय म्हणायचं तेही ठरलं होतं. सूनबाईला घेऊन ये, एवढंच.

वीज गेलेली होती. चर्चमधला पंखा थांबलेला आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार. त्यांनी दार उघडं टाकलं आणि खाली बघत, फरशीच्या फुल्या मोजत, डाव्या कोनाड्यापर्यंत गेल्या. फोन पहिल्या बाकावर ठेवला. पिशवीतून बाळ काढून दोन्ही हातांत धरलं.

"घे बाबा तुझं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले." आणि वर बघितलं.

अंतोनीचा डावा हात भरलेला होता.

पिवळा टॉवेल. रंग मातीत गेलेला, पण काठाची हिरवी रेघ ओळखू येत होती. नीट गुंडाळलेला, थंडी लागू नये म्हणून तान्ह्याला गुंडाळतात तसा, वरचं टोक तोंडावर ओढून घेतलेलं. आणि आजवर सरळ समोर बघणाऱ्या अंतोनीची मान त्याच्याकडे किंचित खाली झुकलेली होती. की ती नेहमीच तशी होती? सुनंदाबाईंना शपथेवर सांगता आलं नसतं.

पळावं असं त्यांना वाटलं. पण बाळ परत द्यायचं तर ते त्याच हातावर द्यायचं होतं, आणि तो हात आधी रिकामा करावा लागणार होता. ते काम दुसरं कोण करणार? फादरांना हाक मारून काय सांगायचं? त्यांनी लाकडी बाळ बाकावर, फोनशेजारी ठेवलं. एका क्षणाचंच काम आहे, त्या मनाशी म्हणाल्या. हे खाली घ्यायचं, ते वर ठेवायचं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ओझं अलगद हातांवर आलं, उचलायला लागलंसुद्धा नाही. अगदी हलकं. छत्तीस वर्षं मातीत असलेल्या वस्तूनं गार असायला हवं होतं. ते कोमट होतं.

त्याच वेळी बाकावर फोन वाजू लागला. साडेबारा झाले होते. पडद्यावर सुरतचा नंबर असणार. सुनंदाबाई वळल्या, अर्ध्याच. टॉवेलच्या ओढलेल्या टोकाखाली काहीतरी हललं, आणि छत्तीस वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या खाटेवर कान देऊनही त्यांना ऐकू आला नव्हता तो आवाज आला. आधी बारीक. मग नीट.

त्यांनी टॉवेलचं टोक बोटानं बाजूला केलं आणि बघितलं.

फोन थांबला. मग पुन्हा वाजू लागला. कबुतरं एकदम उठून उघड्या दारातून बाहेर गेली. कोनाड्यात अंतोनीचा हात परत रिकामा होता आणि लाकडी बाळ बाकावर आडवं पडून तुळयांकडे बघत होतं. ते उचलून जागेवर ठेवायला हवं, हे सुनंदाबाईंना कळत होतं. पण त्या उभ्या उभ्याच डोलायला लागल्या होत्या, या पायावरून त्या पायावर, ज्यांनी मुलं वाढवली त्या सगळ्या बायका डोलतात तशा.

"रडू नको गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाचा फोन आहे."

फोन वाजत राहिला. तो घ्यायला त्यांचे हात मोकळे नव्हते.